थापटणे आणि मडके : बायबलकथा, शील आणि मराठी 'मनन'

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'मनन' नावाचा एक छोटा गद्यप्रकार आहे. आपल्या समीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली नाही. मंडळ्यांच्या मासिकांतून, उपवासकाळासाठी काढलेल्या पुस्तिकांतून, घरगुती उपासनेच्या दैनंदिनींतून तो आढळतो आणि त्याची घडण सहसा ठरलेली असते. आरंभी शास्त्रातील एक उतारा, मग त्या प्रसंगाचे संक्षिप्त पुनर्कथन, त्यातून काढलेला एक गुण आणि अखेरीस तो गुण आपल्या अंगी बाणावा म्हणून केलेली प्रार्थना. योसेफ म्हणजे सहनशीलता, दावीद म्हणजे पश्चात्ताप, रूथ म्हणजे निष्ठा, ईयोब म्हणजे धीर. या साऱ्या लेखनामागे एकच गृहीत असते : देव माणसाचे शील घडवतो आणि बायबलमधील कथा हे त्या घडणीचे साधन होय.

हा प्रकार मी बाहेरून पाहिलेला नाही. आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी एक मनन वाचले जाई आणि वाचणाऱ्याचा आवाज शेवटच्या परिच्छेदाशी आला की आम्ही मुले आपोआप डोळे मिटत असू. त्या लेखनाने मला वाक्यांची लय दिली, कथा ऐकण्याची सवय दिली. म्हणूनच त्याच्याविषयी लिहिताना उपहासाचा सूर लावणे मला शक्य नाही. परंतु ज्या गृहीतावर ते उभे आहे त्याची तपासणी व्हावयास हवी. कारण हे गृहीत केवळ धर्मशास्त्राचे नाही, ते कथनमीमांसेचेही आहे. कथा ऐकणाऱ्याचे नेमके काय करते, हा तो प्रश्न आहे.

आरंभ शब्दापासून करता येईल. मराठीत 'चरित्र' म्हणजे जीवनकथा आणि 'चारित्र्य' म्हणजे वर्तनाचा दर्जा. दोन्ही शब्दांच्या मुळाशी चालणे, आचरणे हीच क्रिया आहे. नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने एक साखळी मांडली आहे. संकटातून धीर, धीरातून 'दोकिमे' आणि तीतून आशा. प्रचलित मराठी शास्त्रात या ग्रीक शब्दासाठी 'शील' हा शब्द योजिलेला आहे. शब्द सुंदर आहे. १९५६ नंतरच्या महाराष्ट्रात त्याला पंचशीलाचाही नाद लाभला आहे. तथापि 'दोकिमे'चा रोख पारख होऊन खरे ठरण्याकडे आहे. धातूची परीक्षा व्हावी आणि तो अस्सल ठरावा, तसे. आपल्याकडे यासाठी 'कस' हा शब्द आहे. सोने कसाला लागते तेव्हा कसोटीचा दगड सोन्याला आकार देत नाही. सोने काय आहे एवढेच तो दाखवतो. मननलेखनाने बायबलकथेला साचा मानले. माझे म्हणणे असे की, या कथांची प्रकृती कसोटीची आहे, आणि त्यांना साचा मानल्याने साहित्याचीही हानी होते व माणसांचीही.

२

कथेतून आधी बोध आणि मग कथा, हा क्रम मराठीत आला कोठून? मिशनऱ्यांनी आणलेल्या प्रवचनपद्धतीकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण आपल्या मातीतील कथनरूपांनीही त्यास हातभार लावला आहे.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांची ही रचना पुराणाचे सारे संकेत पाळते. जुन्या पुराणांपासून तुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना कथा हवी होती आणि ती ओवीतच हवी होती, हे स्टीफन्सने ओळखले. पुराणाचा निवेदक मात्र मौन पाळणारा नसतो. तो सांगतो, थांबतो, वर्णन करतो, शंका फेडतो. बायबलमधील मितभाषी प्रसंग ओवीत येताना भरून निघतात. निसर्ग येतो, विलाप येतो, उपदेश येतो. पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या वर्तुळात ख्रिस्ती कीर्तन रुजले. त्याने नारदीय कीर्तनाची चौकट घेतली. पूर्वरंगात सिद्धान्ताचे निरूपण आणि उत्तररंगात त्याच्या पुष्ट्यर्थ आख्यान, अशी ती चौकट. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि कीर्तन या दोन्ही रूपांना ख्रिस्ती उपासनेत प्रतिष्ठा मिळवून दिली. हा वारसा मोठा आहे. परंतु या चौकटीत आख्यान सिद्धान्ताच्या मागून येते; ते काय सिद्ध करणार आहे हे श्रोत्याला आधीच ठाऊक असते. मनन हे, एका अर्थी, सूर आणि ताल गळून पडलेले, पूर्वरंग-उत्तररंग एका पानात बसवलेले कीर्तन आहे.

मूळ संहितेचा स्वभाव याच्या उलट आहे. एरिख आउअरबाख याने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस'च्या पहिल्याच प्रकरणात होमर आणि उत्पत्तीचे पुस्तक यांची तुलना केली. होमरचे जग सारे उजेडात असते. अब्राहाम मात्र इसहाकाला घेऊन तीन दिवस चालतो आणि त्या तीन दिवसांत त्याच्या मनात काय होते याबद्दल निवेदक एक अक्षर काढत नाही. रॉबर्ट ऑल्टरने १९८१ मध्ये या मौनाला बायबलच्या पात्रचित्रणाची कलाच मानले. पात्रांची कृती दिसते, बोलणे ऐकू येते, हेतू मात्र झाकलेला राहतो. जेथे निवेदक गप्प असतो तेथे वाचकाला उभे राहावे लागते. मनन ही जागा तत्काळ बुजवते. तीन दिवसांच्या चालण्याला ते 'विश्वास' असे नाव देते आणि पुढे जाते.

मराठीत याला एक ठळक अपवाद आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करण्यात घालवली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. अल्पशिक्षित बायकांना संहिता स्वतः वाचता यावी, हा त्यांचा ध्यास होता. संहिता आणि श्रोती यांच्यामध्ये बोध सांगणारा कोणी उभा राहू नये, असा या प्रकल्पाचा एक अर्थ मला दिसतो.

३

कथा कसोटीसारखी वापरणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ बायबलमध्येच आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील बारावा अध्याय. दावीद राजाने उरीयाची पत्नी बथशेबा हिला आणवून घेतले आहे आणि उरीयाला युद्धाच्या तोंडी देऊन मारवले आहे. नाथान संदेष्टा राजाकडे येतो. तो आरोप करीत नाही, सिद्धान्त मांडत नाही. एक गोष्ट सांगतो. एका गरीब माणसाजवळ एकच मेंढी होती, मुलीसारखी वाढवलेली. शेजारच्या श्रीमंताने आपल्या कळपाला हात न लावता तीच पाहुण्यासाठी मारली. दावीद संतापतो आणि त्या श्रीमंताला मृत्युदंड योग्य असल्याचा निवाडा देतो. तो श्रीमंत माणूस राजाच आहे, हे नाथान त्यानंतर सांगतो.

कीर्तनकार ज्याला दृष्टान्त म्हणतात तोच हा प्रकार. फक्त क्रम बदललेला आहे. येथे दृष्टान्त आधी येतो आणि सिद्धान्त श्रोत्याच्या तोंडून वदवला जातो. न्यायबुद्धी दाविदात आधीपासून आहे. कथेने ती उघड केली आणि त्याच्याच कृतीशेजारी नेऊन ठेवली. श्रोता बेसावध असणे ही या परीक्षेची अट आहे. नाथानाने 'परस्त्रीचा लोभ धरू नये' या वचनापासून आरंभ केला असता तर दाविदाने मान डोलावली असती. मननाचा वाचक नेमकी अशीच मान डोलावतो.

पण या अध्यायाचा उत्तरार्ध अधिक कठीण आहे आणि मननलेखक तो बहुधा टाळतात. दावीद अपराध कबूल करतो, त्याला क्षमा मिळते आणि बथशेबेचे तान्हे मूल आजारी पडून सातव्या दिवशी मरते. त्या मुलाला संहितेत नाव नाही. दाविदाचे शील घडण्याची किंमत त्याने चुकती केली, असे कोणी म्हणू लागले तर ती घडण कोणाची आणि किंमत कोणाची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. संहिता हे मरण झाकत नाही आणि त्याचे सांत्वनही करीत नाही. येथे कथा दाविदाची परीक्षा पुरी करून आपली परीक्षा घेऊ लागते : हे मूल आपल्याला दिसते, की राजाच्या पश्चात्तापाच्या सौंदर्यात ते नाहीसे होते?

४

शास्त्रीय वाटणारा हा प्रश्न घरात कसा येतो ते सांगतो. माझे थोरले बंधू पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात कामाला होते. नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून या पट्ट्यात आलेली अनेक ख्रिस्ती कुटुंबे आहेत. रविवारची उपासना आणि आठवड्यातील घरगुती प्रार्थनासभा यांनीच ती एकमेकांशी बांधलेली असतात. कारखाना बंद झाला, हिशेबाची रक्कम अडली, आणि त्या महिन्यातील प्रार्थनासभा दादाच्या घरी ठेवली गेली. आलेले उपदेशक सज्जन होते. त्यांनीही असे दिवस काढले होते. त्यांनी योसेफाची कथा घेतली. भावांनी विहिरीत टाकले, विकले, तुरुंगवास घडला, पण तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. देव त्याला घडवत होता, तसाच तो या घरालाही घडवत आहे, असे ते म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "भाऊ, विहिरीत टाकलं तेव्हा तो काहीच बोलला नसेल का हो? सतरा वर्षांचं पोर ते."

"शास्त्रात तसं काही लिहिलेलं नाही, ताई," उपदेशक मृदूपणे म्हणाले.

दादा एवढेच बोलला, "कारखाना देवाने नाही बंद केला. मालकाने केला."

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात आहे. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात, जेथे योसेफाला विहिरीत टाकले जाते, तेथे तो खरोखरच एक शब्दही बोलत नाही. भाऊ जेवायला बसतात. चांदीच्या वीस नाण्यांना सौदा होतो. परंतु पाच अध्याय पुढे, दुष्काळात धान्यासाठी मिसरात आलेले तेच भाऊ संकटात सापडतात तेव्हा एकमेकांना सांगतात की, तो गयावया करीत होता, त्याच्या जिवाची तळमळ आपण पाहिली आणि ऐकले नाही. ती विनवणी घडली होती. निवेदकाने ती त्या ठिकाणी सांगितली नाही आणि वीसेक वर्षांनंतर अपराध्यांच्या तोंडून बाहेर काढली. पहिल्या वाचनात आपल्याला योसेफ मूक दिसतो, कारण तेथे आपल्याला भावांच्या कानांनी ऐकावे लागते. त्यांनी कान बंद केले होते. या मौनाला जो 'सहनशीलता' म्हणतो तो नकळत त्या भावांच्या पंगतीला जाऊन बसतो. संहितेने लावलेली ही परीक्षा इतकी सूक्ष्म आहे की पिढ्यान्‌पिढ्या वाचक तीत अनुत्तीर्ण होतात. वहिनींच्या कानाने ती पार केली.

दुसरा मुद्दा बोलण्याच्या अधिकाराचा. दुःखातून देवाने चांगले साधले, हे विधान योसेफाच्या कथेत आहे. ते दोनदा येते, पंचेचाळिसाव्या आणि पन्नासाव्या अध्यायांत. दोन्ही वेळा ते योसेफ स्वतः बोलतो, आणि बोलतो ते ज्यांनी त्याला विकले त्या भावांशी. दुसऱ्या वेळी तर त्यांनी वाईटच योजले होते हेही तो त्यांना स्पष्ट सांगतो. निवेदक हे विधान स्वतःच्या नावावर करीत नाही. भाऊही ते करू धजत नाहीत. ज्याने सोसले त्याच्याच तोंडी, आणि सारे ओलांडल्यानंतर, ते शोभते. मनन हे वाक्य योसेफाच्या तोंडून काढून उपदेशकाच्या तोंडी घालते आणि अजून विहिरीत असलेल्या माणसाला ऐकवते. वाक्याचा अर्थ त्याच्या उच्चारणाऱ्यावर अवलंबून असतो, हे आपण वर्गात शिकवतो. येथे तो एका घराच्या अन्नपाण्याशी जोडलेला असतो. मराठी ख्रिस्ती समाजातील फार मोठा भाग पूर्वास्पृश्य जातींतून आलेला आहे. शतकानुशतके सोसलेल्यांना सोसणे हा गुण म्हणून शिकवणे याचा अर्थ त्या इतिहासात वेगळाच होतो.

शिवाय 'घडलेला' योसेफ पुढे काय करतो, तेही संहिता लपवीत नाही. सत्तेचाळिसाव्या अध्यायात दुष्काळग्रस्त मिसरी लोकांकडून तो धान्याच्या बदल्यात आधी पैसा, मग गुरे, मग जमिनी घेतो आणि त्यांना फारोचे दास करतो. गुणांच्या यादीत हा अध्याय बसत नाही, म्हणून तो मननांत येत नाही.

५

गेली काही वर्षे माझे वास्तव्य आळंदीस आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. कीर्तनाचे शिक्षण घेणाऱ्या मुलांचे पाठांतर या गावाच्या हवेतच असते. इंद्रायणीच्या काठी ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी बसणाऱ्या माणसाला योसेफाची आठवण व्हावी, यात नवल नाही. परंपरा सांगते की संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना वाळीत टाकले गेले आणि आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले आहे. त्या मागण्याला वजन आहे, कारण ते मागणारा कोण हे आपल्याला ठाऊक आहे. हेच शब्द बहिष्कार घालणाऱ्यांच्या मुखी कसे वाटले असते याची कल्पना करून पाहावी.

येथल्या कीर्तनांतून अनेकदा ऐकलेली गोरा कुंभाराची कथा मला या विषयाच्या गाभ्याशी घेऊन जाते. बायबलमध्येही एक कुंभार आहे. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे करतो. 'देव माणसाला घडवतो' या मननाचा हा मुख्य आधार. परंतु तेथे माती म्हणजे एकटा माणूस नव्हे, सबंध इस्राएल राष्ट्र आहे. आणि पुढच्याच ओळींत हा कुंभार सांगतो की राष्ट्र वळले तर तोही आपला बेत बदलेल. मातीला येथे काही म्हणायचे असते आणि कुंभार ते ऐकतो. हिब्रूत कुंभाराला 'योत्सेर' म्हणतात. आदामाला मातीतून घडवण्याची क्रिया त्याच धातूची, आणि माणसाच्या मनाची ओढ सांगणारा 'येत्सेर' हा शब्दही तेथूनच येतो. घडवणारा, घडणे आणि घडलेल्याची स्वतःची ओढ, हे तिन्ही एकाच मुळाचे आहेत.

आता गोरोबा. संतमंडळी जमली असता मुक्ताबाई विचारते, ही लाकडी वस्तू कशाची? थापटणे, गोरोबा सांगतो. याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आम्हा मडक्यांचीही परीक्षा कर, असे ती म्हणते. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत जातो. सारे गप्प राहतात. नामदेव तेवढा चिडतो आणि कच्चा ठरतो. थापटणे हे मुळात ओल्या मडक्याला आकार देण्याचे हत्यार आहे. कथेने घडवण्याचे साधन उचलून परीक्षेसाठी वापरले. मार तोच; पण कोणाला लागतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. आणि परीक्षा सुचवणारी या मेळ्यातील सर्वांत लहान मुलगी आहे, स्वतःचे डोके पुढे करणारी. परीक्षा घेऊ इच्छिणाऱ्याने आधी मडक्यांच्या रांगेत बसावे, हा या प्रसंगातील संकेत मननलेखकाला उपयोगी पडावा.

याच गोरोबाच्या दुसऱ्या कथेत भजनाच्या तंद्रीत त्याच्या पायांखाली स्वतःचे मूल चिखलात तुडवले जाते. विठ्ठलकृपेने ते परत मिळाल्याचे परंपरा सांगते. दाविदाचे मूल परत येत नाही. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की घडणीच्या साऱ्या रूपकाखालचा चिखल दिसू लागतो. कुंभार कितीही थोर असो, पायांखाली कोण आहे हे पाहणे ही भक्तीशी विसंगत गोष्ट नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला हे पाहणे परके नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षे पतीपासून दूर राहिलेली ही बाई पुढे स्वतः ख्रिस्ती झाली. पण सोवळ्याओवळ्याचे मन कसे बदलले हे ती शास्त्रवचनांनी सिद्ध करीत नाही. पाणी, स्वयंपाक, पंगत, रुसवे, हसू यांतून ते बदल वाचकाच्या नजरेसमोर घडतात आणि त्यांतला बोध काढण्याचे काम ती वाचकावर सोडून देते. स्वतःची फजिती ती जितक्या मोकळेपणी सांगते तितक्याच मोकळेपणी टिळकांचीही. या पुस्तकाला मनन म्हणण्याचे धाडस कोणी केलेले नाही. माझ्या मते ते मराठीतील सर्वश्रेष्ठ मनन आहे.

मननाचा प्रकार टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. जेवणाआधी एक कथा वाचणारी घरे कमी होत आहेत आणि त्या कथेची जागा घेणारे दुसरे काही मला दिसत नाही. मागणे इतकेच की कथा पुरी वाचली जावी : बेचाळिसाव्या अध्यायापर्यंत, सत्तेचाळिसाव्यापर्यंत, सातव्या दिवसापर्यंत. दाराशी उभे राहून कोणी प्रश्न विचारला तर तो उपासनेचाच भाग मानला जावा, आणि गुणाचे नाव शेवटीही घेतले नाही तरी चालावे. गोरोबाने नामदेवाला कच्चा ठरवले तेव्हा मेळ्यातल्या कोणी त्याला शांतीचे महत्त्व समजावल्याचे कथेत येत नाही. तो रागानेच उठला, पंढरीला जाऊन विठ्ठलाजवळ गाऱ्हाणे केले आणि तेथून विसोबा खेचराच्या शोधात निघाला. त्याचे पुढचे सारे त्या रागातून सुरू झाले. परंपरेने तो राग कथेतून वगळला नाही.